कोरडे तलाव, दोन टर्नटेबल

न्यूयॉर्क. 11 ऑगस्ट 1973. ब्रॉन्क्समधल्या 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीचा हॉल. शाळा सुरू होणार आहे आणि सिंडी कॅम्पबेलला नवे कपडे घ्यायचेत, म्हणून तिनं तिकीट लावून पार्टी ठेवली आहे. रेकॉर्ड लावतोय तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकात जन्मलेला, अठरा वर्षांचा. सगळे त्याला कूल हर्क म्हणतात.

हर्कनं एक गोष्ट हेरली होती. गायक थांबतो, नुसते ड्रम उरतात, आणि नाचणारे नेमके त्याच क्षणाची वाट बघत असतात. पण तो क्षण लगेच संपतो. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, लावल्या. एकीवर ड्रम संपले की दुसरीवर तेच पुन्हा. नुसत्या ड्रमच्या या तुकड्याला ब्रेक म्हणतात, आणि हा लांबवलेला ब्रेक म्हणजे हिप-हॉपचा पाया.

(दृश्य: रिकामा पोहण्याचा तलाव, कॅलिफोर्निया)

तिकडे पश्चिम किनाऱ्यावर स्केटबोर्डला नुकतीच युरेथेनची, म्हणजे एका लवचीक प्लॅस्टिकची, चाकं मिळालीत. आधीची मातीची चाकं खड्याला अडकायची, पोरं तोंडावर आपटायची. नवी चाकं जमीन धरून ठेवतात. त्यात 1976-77चा दुष्काळ. बंगल्यांचे तलाव कोरडे. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका आणि व्हेनिसची पोरं कुंपणावरून उड्या मारून आत शिरतात, आणि त्या गोलाकार भिंतींवर लाटेवर स्वार व्हावं तसं चढतात. पोलीस आले की पळतात.

हिप-हॉप आणि स्केटबोर्डिंग एकाच घरात जन्मले, असं मी म्हणणार नाही. ब्रॉन्क्सची कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन मुलं वेगळी, समुद्रावरचे सर्फर वेगळे. पण रीत एकच होती: दुसऱ्यानं एका कामासाठी बनवलेली वस्तू उचलायची आणि आपल्या कामाला लावायची. विम्याचे हप्ते परवडेनात म्हणून स्केटपार्क, म्हणजे खास स्केटिंगसाठी बांधलेल्या जागा, बंद पडले, तेव्हा स्केटर रस्त्यावर आले. पायऱ्या, कठडे, बाकं, सगळंच त्यांचं झालं.

नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दोघांची खरी गाठ पडली. ब्रुकलिन पुलाखालच्या विटांच्या उतारांवर हॅरॉल्ड हंटरसारखे स्केटर दिवसभर असायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर स्ट्रेच आणि बॉबीटो ही जोडी आपल्या कार्यक्रमात मध्यरात्रीनंतर नव्या रॅपरना माईक द्यायचे. झू यॉर्क हे नाव मुळात सत्तरच्या दशकातल्या ग्राफिटीवाल्यांचं, म्हणजे भिंतींवर रंगानं नावं-चित्रं काढणाऱ्यांचं. 1993मध्ये ते एका स्केटबोर्ड कंपनीनं घेतलं. त्याच कंपनीच्या 1998च्या 'मिक्सटेप' या व्हिडिओत त्या रेडिओ स्टुडिओतल्या फ्रीस्टाइल, म्हणजे जागच्या जागी रचलेली रॅप, आणि हंटरच्या उड्या एकापाठोपाठ एक येतात.