आवडता रंग कोणता?

(दृश्य: गुलाबी पुठ्ठ्याची जाड वही. कोपरे दुमडलेले. पानं एकेक करून उलटतात.)

आवडता रंग: काळा. आवडता पदार्थ: पाणीपुरी. आवडता हीरो: शाहरुख. छंद: गाणी ऐकणे.

पुढचं पान. आवडता रंग: काळा. आवडता पदार्थ: पाणीपुरी, पावभाजी. हीरो: शाहरुख, पण कंसात हृतिक.

दहावीच्या निरोप समारंभाआधी वर्गभर फिरणारी स्लॅमबुकं ज्यांनी भरली आहेत, त्यांना तिसऱ्या पानावर काय असणार हे सांगायला नको. नाव झाकलं, तर कुठलं पान कुणाचं हे खुद्द लिहिणाऱ्यालाही ओळखता येणार नाही. आता मुलांना आवडीनिवडी नव्हत्या असं थोडंच आहे? डब्यातली कारल्याची भाजी कोण कुणाच्या डब्यात सरकवतं, हे अख्ख्या वर्गाला माहीत असायचं. ते वहीत उतरलं नाही, कारण वहीनं ते विचारलंच नाही.

(दृश्य: जुन्या युरोपीय वहीचं पान, डावीकडे छापील प्रश्न, उजवीकडे शाईतलं हस्ताक्षर.)

हा खेळ शाळेच्या बाकांवर जन्मलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये घराघरांत 'कन्फेशन्स' म्हणून असा खेळ चालायचा. आवडता गुण, आवडतं फूल, आवडता कवी, सुखाची कल्पना, दुःखाची कल्पना. पाहुणा आला की यजमानांची मुलगी वही पुढे करायची. लंडनमध्ये साम्यवादी विचारवंत कार्ल मार्क्सच्या मुलींनाही हा नाद होता, आणि 1865 मध्ये त्यांनी वडिलांनाही सोडलं नाही. मार्क्सनं रंग लिहिला लाल. इथपर्यंत कुणालाच आश्चर्य नाही. पण आवडता पदार्थ मासे, आवडता उद्योग पुस्तकांत तोंड खुपसून बसणं, आणि कुठला दुर्गुण चटकन माफ कराल, तर भोळसटपणा. आता माणूस जरा दिसायला लागला.

खरी मजा तीन वर्षांनी आली, मार्क्सचा मित्र आणि सहलेखक फ्रेडरिक एंगल्सच्या हातात तीच लेखणी गेली तेव्हा. सुखाची कल्पना: शातो मार्गो, 1848 ची. म्हणजे फ्रेंच वाइन, आणि साल नेमकं युरोपभर क्रांत्या झाल्या तेच. दुःखाची कल्पना: दाताच्या डॉक्टरकडे जाणं. आवडतं सुभाषित: एकही नाही. आणि आवडता रंग? 'ॲनिलीनचा सोडून कुठलाही.'

या शेवटच्या उत्तरावर थोडं थांबू. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनमधून जांभळा रंग सापडला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत बाजार असल्या भडक कृत्रिम रंगांनी भरून गेला. एंगल्स तेव्हा मँचेस्टरमध्ये सुती धाग्याच्या कंपनीत भागीदार होता. कापडाच्या गावात राहणाऱ्या माणसाचं हे उत्तर आहे. त्यानं एकाही रंगाचं नाव घेतलं नाही, तरी 'लाल'पेक्षा जास्त सांगितलं. नावड सांगायला जागा मिळाली की असं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

(दृश्य: पॅरिसचं जुनं छायाचित्र.)

फ्रान्समध्ये अशीच एक वही आंत्वानेत फोर या मुलीकडे होती. तिचे वडील पुढे 1895 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिच्या वहीत मार्सेल प्रूस्त या मित्रानं किशोरवयात उत्तरं लिहिली; दुःखाची कल्पना विचारली, तर आईपासून दूर राहणं, असं. तो पुढे जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला, आणि या सगळ्या प्रश्नांना 'प्रूस्तची प्रश्नावली' असं नाव पडलं. बिचाऱ्यानं त्यातला एकही प्रश्न तयार केला नव्हता.

(दृश्य: टेबलावर कोरे कागद, बॉलपेन, एक मोठा डबा.)

आता कामाचं बोलू. कट्ट्यावरच्या मंडळींसाठी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी किंवा गणपतीतल्या सोसायटीच्या कार्यक्रमासाठी अशी प्रश्नावली करायची असेल, तर कशी करावी?

पहिली गोष्ट, प्रश्न अरुंद करा. 'आवडता पदार्थ' हा प्रश्न मैदानाएवढा आहे. माणूस गोंधळतो आणि पहिलं सुचेल ते लिहितो, म्हणून पाणीपुरी. त्याऐवजी विचारा: पोह्यांवर काय? कोकणातला माणूस ओलं खोबरं लिहील. नागपूरकर तर्री म्हणेल, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, आणि तो वर नको, पोहे बुडतील एवढा हवा. इंदूरला वाढलेला मराठी माणूस शेव आणि जिरावण मसाला सोडणार नाही. कुणी लिहील, 'काही नको, पण बटाटा घालू नका', आणि तिथेच दोन गट पडतील. पाच शब्दांच्या उत्तरात गाव, घर आणि स्वभाव येतो.

तसाच दुसरा प्रश्न: पुरणपोळी कशाशी? दूध, तूप, गुळवणी, कटाची आमटी. यात 'सगळ्यांशी' असं लिहिणारा एक तरी निघतोच. त्याला पळवाट ठेवू नका. प्रश्नातच 'एकच निवडा' असं लिहा. मोदक उकडीचे की तळणीचे, आंबा हापूस की पायरी, हे जोडप्रश्न सोपे वाटतात, पण जपून वापरा. हापूसवर नव्वद टक्के मतं पडणार असतील, तर तो प्रश्न वाया गेला. जोड अशी निवडा की खोलीतली मंडळी साधारण अर्धी-अर्धी फुटतील.

नावडीचे प्रश्न बारात निदान तीन ठेवा. एंगल्सचा धडा तोच. 'कुठली भाजी ताटात आली की तुम्ही गप्प होता?', 'कुठला आवाज नकोसा वाटतो?', 'लोकांची कुठली खोड तुम्ही चालवून घेता?' यातला शेवटचा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे आणि अजून ताजा आहे. एक पथ्य मात्र पाळा: नावड वस्तूची विचारा, माणसाची नको. 'ग्रुपमधलं कोण डोक्यात जातं' हा प्रश्न गंमत म्हणून सुरू होतो आणि महिनाभर अबोला ठेवून जातो. शेलापागोट्यांत जे खपून जायचं, ते लेखी कागदावर खपत नाही.

'आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण' वगैरे टाळा. असा प्रश्न आला की लोक पेन खाली ठेवतात, किंवा सभेत बोलल्यासारखं काहीतरी लिहितात. 'का?' हा प्रश्नही नको. कारण मागितलं की माणूस शहाण्यासारखं उत्तर द्यायला लागतो. 'का'च्या जागी 'कधी' किंवा 'किती' विचारा. 'चहा आवडतो का'पेक्षा 'दिवसातला कितवा चहा सर्वांत आवडतो' हा प्रश्न बरा. पहिला म्हणणारे आणि चार वाजताचा म्हणणारे ही दोन वेगळी माणसं असतात.

प्रश्न बारा पुरेत. पंधराच्या पुढे गेलात की शेवटची उत्तरं एकेका शब्दाची येतात. पहिले तीन अगदी हलके, हात सैल व्हावा म्हणून. ज्याला थोडा विचार लागतो, तो सातवा किंवा आठवा. शेवटचा पुन्हा सोपा.

(दृश्य: कागद मधोमध दुमडून फाडला जातो. हात प्रश्न लिहितोय.)

कागद ए-फोरचा अर्धा. प्रत्येक प्रश्नाखाली दोनच ओळींची जागा. जागा जास्त दिली की निबंध येतो, कमी दिली की 'हो' आणि 'नाही'. पेन साधं बॉलपेन. स्लॅमबुकांत चमचमती जेल पेनं चालायची आणि पातळ कागदावर शाई मागच्या पानावर उतरायची, म्हणून निम्मी पानं आज वाचताच येत नाहीत. नाव कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला सांगा. ते का, ते आता येईल.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकच वही हातोहात फिरवणं. दुसरा लिहिणारा पहिल्याचं पान वाचतो, तिसरा दोघांची. पहिल्या हुशार उत्तराची नक्कल दहा पानांवर दिसते. प्रत्येकाला स्वतंत्र कागद, वेळ दहा मिनिटं, आणि कागद घडी घालून डब्यात.

व्हॉट्सॲपवर तर हा घोळ जास्तच होतो. एकानं ग्रुपमध्ये लांबलचक उत्तर टाकलं की खाली 'सेम टू सेम', मग अंगठे, मग कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा फोटो, आणि खेळ संपला. म्हणून उत्तरं एकाच माणसाला खासगी पाठवायची. त्यानं ठरलेल्या रात्री सगळी एकदम टाकायची, नावं न देता.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर रंगीत प्रश्नमाळ.)

आणि मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फेसबुकवर फिरणाऱ्या 'तुमच्याबद्दल वीस गमतीदार गोष्टी' छापाच्या यादीत पहिली शाळा, पहिली गाडी, कुत्र्याचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, लहानपणीची गल्ली असले प्रश्न मिसळलेले असतात. पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्यासाठी काही ठिकाणी हेच प्रश्न विचारले जातात. यादी बनवणाऱ्याच्या मनात काही नसलं, तरी उत्तरं सगळ्यांना दिसतात. आवडीनिवडी खुशाल सांगा. पोह्यांवरच्या शेवेनं कुणाचं खातं उघडत नाही. पण नावं, तारखा आणि पत्ते या खेळात नकोत, आणि दुसऱ्यांसाठी प्रश्न काढताना तर मुळीच नकोत.

(दृश्य: डब्यातून एक घडी बाहेर येते.)

आता वाचन. एकानं कागद काढायचा आणि तीनच उत्तरं वाचायची, सगळी नाही. निवड वाचणाऱ्याची. बाकीच्यांनी ओळखायचं, दोन संधी. मग कागद उलटून नाव. एका कागदाला दीड मिनिट धरलं, तर पंचवीस जणांना जवळजवळ चाळीस मिनिटं होतात आणि तोवर मागच्या रांगेतले जेवणाकडे बघायला लागतात. पंधरापेक्षा जास्त मंडळी असतील, तर दोन गट करून दोन डबे ठेवा.

नवरा-बायकोचे कागद लागोपाठ येणार नाहीत एवढं बघा. पोह्यांचा वाद घरी मिटलेला नसतो, तो इथे सगळ्यांसमोर उघडतो, आणि पुढचे चार कागद कुणी ऐकत नाही.