तापाचा कितवा दिवस?

[दृश्य : राजापूर तालुक्यातील एका गावातले रक्त संकलन केंद्र. पावसाळ्यातील सकाळ.]

"आजी, मूठ घट्ट आवळून धरा," असे सांगत तंत्रज्ञ दंडावर पट्टा बांधतो आणि एकाच टोचणीत तीन नळ्या भरून घेतो. निळ्या झाकणाची नळी खुणेच्या रेषेपर्यंतच भरावी लागते, कारण तिच्यातले सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रावण) आणि रक्त यांचे प्रमाण एकास नऊ असेल तरच डी-डायमरची, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यांची, तपासणी विश्वासार्ह ठरते. पिवळ्या झाकणाच्या नळीतल्या सीरमवर (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवावर) सीआरपी, फेरिटिन आणि एलडीएच या तपासण्या होतील, तर जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या पेशी मोजल्या जातील. सोबतच्या कागदावर नाव, वय आणि तपासण्यांची यादी आहे. ताप कधी सुरू झाला, हे मात्र लिहिलेले नाही. संध्याकाळी अहवाल मुंबईतल्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पोहोचेल, आणि ठळक अक्षरांत छापलेले आकडे पाहून तो घाबरून फोन करील. त्या आकड्यांचा अर्थ ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट, म्हणजे आजाराचा कितवा दिवस आहे हे, त्या कागदावर नसेलच.

महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात. गौरी-गणपतीला चाकरमानी गावी येतात, घरे माणसांनी भरतात, आणि वाडीतल्या वयस्कर मंडळींना खोकला-ताप लागतो. विषाणू श्वसनमार्गात वाढू लागला की शरीरातल्या संरक्षक पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने रक्तात सोडतात. ही रसायने यकृतापर्यंत पोहोचली की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सीरममध्ये असा पदार्थ आढळला, की जो न्यूमोकोकस जीवाणूच्या एका घटकाशी मिसळताच नळीत साका धरत असे. रुग्ण बरा होऊ लागला की ही प्रतिक्रिया नाहीशी होई, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते, आणि माझ्या मते सीआरपीचा खरा उपयोग या दुसऱ्या निरीक्षणात आहे. दाह, म्हणजे संसर्गाला किंवा इजेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, सुरू झाल्यावर साधारण सहा ते आठ तासांत सीआरपी वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत कळस गाठते. रक्तातले तिचे अर्धे आयुष्य जवळपास १९ तासांचे असते, आणि आजार कोणताही असला तरी ते फारसे बदलत नाही. त्यामुळे रक्तातली पातळी ही यकृत किती सीआरपी तयार करत आहे यावर ठरते, आणि मूळ चिथावणी थांबली की आकडा दिवसभरात निम्म्याच्या आसपास येतो. तापाच्या पहिल्या दिवशी घेतलेली सीआरपी कमी आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. तिसऱ्या दिवशी ती ४० मिलिग्रॅम प्रति लिटर आली आणि रुग्ण जेवतो-खातो आहे, तर घाबरण्याचेही कारण नाही. परंतु सातव्या दिवशी, ताप उतरायला हवा तेव्हा, ती ३० वरून ९० वर गेली, तर त्या चढाची दखल त्याच दिवशी घ्यायला हवी.

येथे एककाचा घोळ प्रत्यक्षात होतो. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. काल रत्नागिरीच्या अहवालात ४८ आणि आज कोल्हापूरच्या अहवालात ५.२ असे दिसले, तर आजार ओसरला असे समजून सुटकेचा श्वास टाकला जातो, पण प्रत्यक्षात पातळी किंचित वाढलेली असते. डी-डायमरचेही तसेच आहे. त्याच्या एफईयू आणि डीडीयू या दोन एककांतला आकडा एकमेकाच्या सुमारे दुप्पट असतो. शिवाय डी-डायमर वयाबरोबर वाढतो. म्हणून रक्ताच्या गुठळीची शक्यता फेटाळताना पन्नाशीपुढच्या रुग्णासाठी ५०० ऐवजी वयाच्या दहापट, म्हणजे ७८ वर्षांच्या आजींसाठी ७८० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर (एफईयू), अशी मर्यादा अनेक डॉक्टर धरतात.

[दृश्य : नळ्या वेगाने फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातून बाहेर काढलेल्या दोन नळ्या, शेजारी शेजारी.]

डाव्या नळीतले सीरम फिकट पिवळे आहे, उजवीकडचे पातळ कोकम सरबतासारखे गुलाबी. उजवीकडचा नमुना वळणावळणाच्या रस्त्याने हिंदकळत आला आणि वाटेत त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या. एलडीएच हे पेशींच्या आत असणारे विकर (एन्झाइम) असल्यामुळे फुप्फुसाच्या पेशी मरू लागल्या की ते रक्तात वाढते, पण नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या तरीही ते वाढलेलेच दिसते. चांगला तंत्रज्ञ असा नमुना परत मागवतो. तालुक्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या रुग्णाला त्यासाठी दुसऱ्यांदा हेलपाटा पडतो, तरीही चुकीच्या आकड्यावर उपचार होण्यापेक्षा तो हेलपाटा बरा, असे मला ठामपणे वाटते.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन दाहातही वाढते. कोकणातल्या अनेक स्त्रियांना लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असतो, आणि अशा रुग्णाचे फेरिटिन मुळातच इतके खाली असते की दाहाने वाढूनही ते अहवालात 'सामान्य' दिसू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांमध्ये कमतरता ओळखण्यासाठी एरवी १५ आणि संसर्ग असताना ७० मायक्रोग्रॅम प्रति लिटर अशा दोन वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत.

साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, मात्र मोठी माहिती दडलेली असते. गंभीर कोविडमध्ये पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट घटत आणि न्यूट्रोफिल वाढत. लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या प्रति मायक्रोलिटर १००० च्या खाली उतरणे हे काळजीचे लक्षण मानले जाई. पण रुग्णाला आधीच स्टेरॉइड दिलेले असेल, तर त्या औषधानेही नेमके हेच बदल होतात.

या आकड्यांचा उपचाराशी थेट संबंध जोडला गेल्याचे ठळक उदाहरण कोविडवरील औषधांच्या ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत सापडते. जून २०२० मध्ये तिने दाखवून दिले, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने घटले, तर ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीही लाभ झाला नाही. पुढे त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या तपासणीसाठी ऑक्सिजनची कमतरता आणि सीआरपी किमान ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर, अशा दोन अटी एकत्र ठेवल्या होत्या. २०२१ च्या लाटेत गावोगावी ऑक्सिजन ९८ असलेल्या माणसाने केवळ सीआरपी वाढली म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, हे आठवले की आजही मन अस्वस्थ होते.

याच दिवसांत भातशेतीच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणूजन्य आजार होतो. त्यातही ताप, अंगदुखी आणि पुष्कळदा खोकला असतो, आणि सीआरपी तर खूपच वाढते. प्लेटलेट घटलेल्या, डोळे लाल झालेल्या, पोटऱ्या दुखणाऱ्या शेतकऱ्याची वाढलेली सीआरपी 'व्हायरल'च्या खात्यात टाकली, तर वेळेवर मिळायला हवे ते प्रतिजैविक लांबते. प्रोकॅल्सिटोनिन हा रक्तातला घटक जीवाणू संसर्गात वाढतो आणि निव्वळ विषाणू संसर्गात बहुधा कमीच राहतो, त्यामुळे येथे त्याची मदत होऊ शकते. परंतु ही तपासणी महाग आहे, आणि रुग्ण चिखलात उतरला होता का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

[दृश्य : ओसरीवर बसलेल्या आजी, बोटाला पल्स ऑक्सिमीटर.]

मुंबईतल्या मुलाने अहवालाच्या जोडीला घरच्यांकडून आणखी चार गोष्टी मागवाव्यात. तापाचा कितवा दिवस आहे. आजी शांत बसलेल्या असताना मिनिटाला किती श्वास घेतात. बसून ऑक्सिजन किती आहे आणि तीन मिनिटे घरातल्या घरात चालल्यावर किती होतो. आणि त्या नेहमीसारखे बोलतात, खातात का. श्वास २४ किंवा त्याहून अधिक असतील, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल किंवा चालल्यावर तीनहून अधिक अंकांनी घसरत असेल, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. साठीपुढच्यांनी अशी तीनच मिनिटे चालावे, इतरांनी सहा, आणि ज्यांना आधीच धाप लागते किंवा दमा आहे, त्यांना चालायला लावू नये.