चिलटांचा स्वभाव आणि चिलटांची संगत

श्रोतेहो, नमस्कार.

केळ्यांचा घड स्वयंपाकघरात चार दिवस जास्त राहिला, की त्याच्याभोवती चिलटं जमतात. आंब्यात नि कारल्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी. ही चिलटं जेमतेम तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची, शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1910 साली थॉमस हंट मॉर्गन यांना यांच्यातच एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. जनुकं, म्हणजे आईबापांकडून पिल्लांत गुण उतरवणारे घटक, पेशीतल्या गुणसूत्र नावाच्या धाग्यांवर असतात, हे पुढे त्यावरूनच उलगडत गेलं.

पण आज मला बोलायचंय ते त्यांच्या स्वभावाबद्दल. आपल्याकडे एक म्हण सांगते, खाण तशी माती. दुसरी सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मुलांवरून घराघरांत जे वाद होतात, ते बहुतेक या दोन म्हणींमधलेच. चिलटांनी त्यावर जे सांगितलंय, ते ऐकून मी थक्क झालो होतो.

चिलटांचे नर भांडतात. खाण्याच्या तुकड्यावर एक नर बसलेला असतो, दुसरा येतो. पहिला पंख उभारून दटावतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर मागच्या पायांवर उभा राहून धाडकन समोरच्याच्या अंगावर आदळतो. हे सगळं एका दाण्याएवढ्या जागेत चालतं.

अमेरिकेत सॅन डिएगोला हर्मन डिरिक आणि राल्फ ग्रीनस्पॅन यांनी प्रत्येक पिढीतले सर्वांत भांडखोर नर निवडून त्यांचीच पैदास केली. 21 पिढ्यांनंतर भलतेच मारकुटे नर तयार झाले. त्यांच्या डोक्यातली जनुकं तपासली, तेव्हा काहींचं काम बदललेलं दिसलं. त्यांतलं एक सिप-सिक्स-ए-ट्वेंटी नावाचं. मारकुट्या नरांमध्ये ते मंदावलेलं होतं. हे निष्कर्ष आले 2006 साली. इथवर खाण तशी माती.

दोन वर्षांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिमिंग वांग, डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. यांनी भांडखोर वाण निवडलं नाही. साध्याच चिलटांपैकी काही एकेकटी वाढवली, काही घोळक्यात. एकटे वाढलेले नर जास्त भांडले, घोळक्यातले निवळले. मग संगतीमुळे कोणत्या जनुकांचं काम बदलतं ते पाहिलं, आणि समोर आलं तेच सिप-सिक्स-ए-ट्वेंटी! सोबत मिळाली की ते जास्त काम करतं आणि भांडण कमी होतं. ते बिघडवलेलं असेल, तर घोळक्यात वाढलेला नरही मारकुटा होतो. म्हणजे संगतीचा गुण लागतो खरा, पण तो लागायलाही हे जनुक धड असावं लागतं. रक्तातून आलेला स्वभाव आणि संगतीतून आलेला स्वभाव इथे एकाच दारातून आत शिरतात.

हे जनुक काम करतं ते वास घेणाऱ्या केसांच्या बुडाशी, चेतापेशींना, म्हणजे मेंदूकडे निरोप पोचवणाऱ्या पेशींना, आधार देणाऱ्या पेशींमध्ये. एका चिलटाला दुसऱ्याची खबर लागते ती बरीचशी वासावरून. इथे मुंबईची आठवण काढलीच पाहिजे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्स यांनी चिलटांना वास नि चव कशी कळते, त्यामागे कोणती जनुकं आहेत, याचा पाया घालणारं काम केलं. जगभरच्या चिलट-अभ्यासकांमध्ये त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. आपल्या शाळांतल्या मुलांना मात्र ते क्वचितच ठाऊक असतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संगतीचा परिणाम भांडणावरच होतो असंही नाही. चिलटांच्या शरीरात दिवसरात्रीचं घड्याळ असतं. त्याचं ‘पीरियड’ हे जनुक 1971 साली रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी शोधलं. पुढे 2002 साली जोएल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की घोळक्यातल्या चिलटांची घड्याळं एकमेकांशी जुळून येतात. त्यांच्यात घड्याळ बिघडलेली चिलटं सोडली, तर धडधाकट यजमानांचाही ताल विस्कटतो. जनुकातला दोष पाहुण्याच्या अंगात, पण वागणं बदलतं शेजाऱ्याचं.

आणि एकटेपणा? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळेनं 2021 साली त्यावर काम प्रसिद्ध केलं. आठवडाभर एकटं ठेवलेलं चिलट कमी झोपतं आणि जास्त खातं. सोबतीला एक जरी असलं, तरी झोप शाबूत राहते. एकट्या चिलटांच्या मेंदूत उपासमारीशी संबंधित जनुकांचं काम बदललेलं होतं, जरी समोर खायला भरपूर होतं. या बदलामागे पी-टू नावाच्या मोजक्या चेतापेशींचा हात निघाला. त्या बंद केल्या, तर एकट्या चिलटाची झोप उडाली नाही. उलट एकच दिवस एकटं राहिलेल्या चिलटात त्या चेतवल्या, तर ते आठवडाभर एकटं पडल्यासारखं वागू लागलं.