टोनी ग्विन : आधी स्वतःचा कोच, मग मुलांचा

मंडळी, बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मारणारा, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणारा, फलंदाज चांगला समजतात. उरलेल्या सात वेळा हात हलवत परत यायचं, हे धरूनच चालायचं. अशा खेळात टोनी ग्विनची कारकिर्दीची सरासरी .338 आहे, म्हणजे हजारात 338 हिट. 1982 ते 2001, वीस मोसम, आणि संघ एकच : सॅन दिएगो पाद्रेज. आउटफिल्डमध्ये तो उजवीकडे उभा राहायचा, उत्तम फील्डिंगचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. पण त्याच्या फील्डिंगवर आज वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते त्याच्या व्हीसीआरबद्दल.

1983 मध्ये मनगटाच्या दुखापतीतून तो परतला आणि हिट लागेनात. संघ दौऱ्यावर होता. त्यानं घरी बायकोला, ॲलिशियाला सांगितलं, माझे सामने टेप करून ठेव. घरी आल्यावर टेप मागे-पुढे करत बसला आणि आपलं कुठं चुकतंय ते त्याचं त्यालाच दिसलं. मग प्रत्येक दौऱ्यात सामानात व्हिडिओची यंत्रं आली. आज प्रत्येक संघाकडे यासाठी पगारी माणसं असतात. तेव्हा हे एकट्याचं वेड होतं.

तो डावखुरा. चेंडू शेवटपर्यंत बघायचा आणि थर्ड बेस नि शॉर्टस्टॉप यांच्या मधून अलगद काढायचा. स्कोअरबुकात या दोन जागांचे आकडे 5 आणि 6, म्हणून तो त्या फटीला ‘साडेपाच’ म्हणे! ग्रेग मॅडक्ससारख्या धूर्त पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) तो शंभराहून जास्त वेळा उभा राहिला. मॅडक्सला एकदाही त्याला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, करता आलं नाही. 1994 मध्ये खेळाडूंचा संप झाला आणि मोसम ऑगस्टमध्येच थांबला, तेव्हा तो .394 वर होता. आणखी तीन हिट पडल्या असत्या तर .400 पार. 1941 नंतर मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलच्या) दोन मुख्य लीगमध्ये, अमेरिकन आणि नॅशनलमध्ये, ते कुणालाच जमलेलं नाही.

मोठा खेळाडू बरेचदा कोच म्हणून फसतो. त्याला जे आपसूक येतं ते दुसऱ्याला कसं सांगायचं, हेच कळत नाही. ग्विनचं तसं नव्हतं, कारण त्यानं स्वतःलाच वर्षानुवर्षं बाहेरून पाहिलं होतं. निवृत्तीनंतर तो सॅन दिएगो स्टेटमध्ये कोच झाला. हे त्याचं स्वतःचंच कॉलेज. इथं तो बास्केटबॉलही खेळला होता. गंमत बघा, या फलंदाजाचा सगळ्यात नावाजलेला शिष्य निघाला पिचर! स्टीफन स्ट्रासबर्ग. आला तेव्हा शरीरानं सुटलेला होता. 2009 च्या ड्राफ्टमध्ये (मोठे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिल्याच क्रमांकावर त्याची निवड झाली.

आता तंबाखू. ओठाखाली तंबाखूची चिमूट, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ती सर्रास चाले, आणि ग्विनलाही कॉलेजपासून सवय. 2010 मध्ये लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला. तंबाखूनंच झाला, असं तो स्वतः म्हणायचा. 16 जून 2014 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी गेला, तेव्हाही कॉलेजचा मुख्य कोच तोच होता. स्ट्रासबर्गलाही तंबाखूची सवय होती. ग्विन गेल्यावर ती सोडत असल्याचं त्यानं जाहीर केलं. 2016 च्या अखेरीस मेजर लीगनं नव्या येणाऱ्या खेळाडूंना तंबाखूबंदी केली. आधीपासून खेळत असलेल्यांना मात्र सूट.