तोंडात राख होती का?

नमस्कार, श्रोतेहो.

घराला आग लागली. शेजारीपाजारी धावले, बादल्या ओतल्या, बंब आला, आग विझली. आत एक माणूस सापडला, मेलेला. अशा वेळी पहिलं वाक्य कोण बोलतं, तिकडे लक्ष द्या. ‘झोपेत होते, बाहेर पडता आलं नाही.’ ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ ‘सिलिंडर गळत होता.’ हे वाक्य बहुतेक वेळा त्याच घरातलं माणूस बोलतं, कारण आत काय झालं ते पाहायला दुसरं कुणी नसतंच. आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य बातमीत येतं. चौकशी सुरूही झालेली नसताना ‘स्टोव्हच्या भडक्याने मृत्यू’ असं छापू नये, हे माझं ठाम मत आहे. ‘आग लागलेल्या घरात मृतदेह सापडला’ एवढंच छापा. तेवढंच आपल्याला ठाऊक असतं.

मृत्यूचं कारण शोधणारा स्वतंत्र अधिकारी असावा, ही कल्पना जुनी. इंग्लंडात कोरोनर हे पद ११९४ पासून आहे. आपल्या मुंबईतही १८७१ च्या कायद्याखाली कोरोनर होता, थेट १९९९ पर्यंत. उरलेल्या महाराष्ट्रात हे काम पोलिसांकडे आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, आणि आता मुंबईतही तसंच. पद कुठलंही असो, प्रश्न तेच. मेलेलं माणूस कोण? कधी मेलं? कुठे मेलं? आणि कशाने मेलं? जळालेल्या घरात हा चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड.

त्या चौथ्या प्रश्नाची एक गोष्ट सांगते. मला ती फार प्रिय आहे, म्हणून सावकाश सांगते.

काळ तिसऱ्या शतकाचा. चीनमध्ये तेव्हा तीन राज्यं होती, त्यांतलं एक वू. त्या राज्यात, आजच्या निंगबो शहराच्या परिसरात, झांग जू नावाचा तालुक्याचा अधिकारी होता. जाता जाता सांगते, इतिहास म्हटला की आपल्या मुलांना राजे पाठ, लढाया पाठ, तहाची कलमं पाठ. आणि इथे एका तालुक्याच्या अधिकाऱ्याचं नाव सतराशे वर्षं टिकलंय, तेही एका चांगल्या तपासामुळे. कुठलाही किल्ला न जिंकता. असे लोक शाळेच्या पुस्तकात यायला हवेत, मला मनापासून वाटतं. असो.

तर या झांग जूच्या तालुक्यात एका बाईने नवऱ्याला ठार मारलं आणि मग घर पेटवून दिलं. सांगितलं काय, तर घराला आग लागली, नवरा त्यात जळून मेला. घर जळालेलं, प्रेत जळालेलं, आणि आत काय घडलं ते सांगणारी ती एकटी.

नवऱ्याच्या घरच्यांना संशय आला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. संशय आधी अधिकाऱ्याला आला नव्हता, नातलगांना आला होता. ते फिर्याद घेऊन झांग जूकडे गेले. बाईने साफ नाकारलं.

आता अशा वेळी काय करायचं? मारझोड करून कबुली काढायची, ही रीत तेव्हा जगात बहुतेक ठिकाणी चालत असे. झांग जूने दोन डुकरं आणवली.

एक मारलं. दुसरं जिवंत ठेवलं. लाकडं रचली आणि दोन्ही जाळली.

ऐकायला क्रूर वाटतं, आणि ते क्रूर आहेच. मुक्या जनावराला जिवंत जाळणं कुठल्याही काळात वाईटच. पण पुढे काय झालं ते ऐका. आग विझल्यावर त्याने दोन्ही डुकरांची तोंडं तपासली. आधी मारलेल्या डुकराच्या तोंडात राख नव्हती. जिवंत जाळलेल्याच्या तोंडात राख होती. पुन्हा सांगते. मेलेल्याच्या तोंडात राख नाही. जिवंत असलेल्याच्या तोंडात राख.

मग त्याने नवऱ्याच्या प्रेताचं तोंड उघडून पाहिलं. राख नव्हती. ते समोर ठेवून बाईला विचारलं, आणि तिने गुन्हा कबूल केला.

मूळ नोंद एवढीच, मोजक्या ओळींची. न्यायनिवाड्यांच्या जुन्या चिनी संग्रहांतून ती पुढे पुढे आली. १२११ मधल्या अशा एका संग्रहात तिचं नाव ‘झांग जू आणि डुकरांची राख’ अशा अर्थाचं आहे.

मला या गोष्टीत सगळ्यांत काय आवडतं सांगू? त्याने कामं ज्या क्रमाने केली तो क्रम. त्याने प्रेताचं तोंड आधी उघडलं असतं, तर? राख नाही असं दिसलं असतं. बाई म्हणाली असती, जळालेल्या माणसाच्या तोंडात राख असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि त्यावर त्याच्यापाशी उत्तर नसतं. म्हणून आग काय करते ते त्याने आधी पाहिलं. नंतर प्रेताकडे वळला. आणि डुकरं दोन, एक नाही. एकच जिवंत जाळलं असतं तर राख दिसली असती, पण ती राख श्वासाने आत गेली की नुसती उडून पडली, हे कसं कळणार? दुसरं, मेलेलं डुक्कर त्यासाठी. त्याच लाकडांत, त्याच धुरात. दोघांत फरक फक्त एकच, श्वास चालू आणि श्वास बंद. आजही प्रयोगशाळेत कुणी दोन नमुने शेजारी शेजारी ठेवतं, तेव्हा याच रीतीने विचार करत असतं.

ही गोष्ट काही जण ‘पापी बायको पकडली गेली’ अशा थाटात सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे आगीत मेलेल्या सुनांची यादी किती लांब आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. झांग जूची कसोटी मेलेलं माणूस नवरा आहे की बायको, ते बघत नाही. ते माणूस आग लागली तेव्हा श्वास घेत होतं का, एवढंच बघते.

या राखेचा नियम १२४७ मध्ये सोंग त्सू या चिनी न्यायाधीशाच्या ग्रंथात आला. प्रेततपासणीवरच्या जगातल्या सगळ्यांत जुन्या ग्रंथांपैकी तो एक. त्यात एक बारीक इशाराही आहे. जळालेल्या प्रेताचे हातपाय आखडलेले असतात, मुठी वळलेल्या असतात. बघणाऱ्याला वाटतं, बिचारं आगीशी झुंजत मेलं. पण मेल्यावर जाळलेल्याचेही हातपाय तसेच आखडतात, पण त्याच्या तोंडात राख नसते, असं तो लिहितो. आज डॉक्टर सांगतात, उष्णतेने स्नायू आकसतात म्हणून ते तसं होतं. म्हणजे मुठींवरून काही ठरवायचं नाही.

आता आजचं. शवविच्छेदनात डॉक्टर ओठांवरच्या काजळीला फारसं महत्त्व देत नाहीत. ती कशीही बसते. ते श्वासनलिका उभी चिरून उघडतात आणि आतल्या ओलसर अस्तरावर, स्वरयंत्राच्या खाली, चिकट द्रवात मिसळलेली काळी काजळी आहे का ते पाहतात. इतक्या खोल काजळी जाते ती श्वासाबरोबर. शिवाय रक्त तपासतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. माणूस धुरात श्वास घेत होतं, तर तो रक्तात सापडतो. झांग जू राख शोधत होता, आपण राख आणि वायू दोन्ही शोधतो.

पण इथे घाई नको. काजळी नाही म्हणजे आधीच मेलेला, असं दर वेळी होत नाही. भडका इतका झटक्यात उडाला की एक-दोन श्वासांत सगळं संपलं, तर काजळी नसतेच किंवा अगदी थोडी असते. आणि काजळी सापडली, तर माणूस जिवंत होतं एवढंच कळतं. काडी कुणी ओढली, ते कळत नाही. कवटीला तडा गेलेला असेल तर तो घावाचा की उष्णतेचा, हेही ठरवावं लागतं, कारण उष्णतेनेसुद्धा हाड तडकतं. म्हणून शवविच्छेदनाचा अहवाल एकटा वाचून भागत नाही. सोबत जागेचा पंचनामा लागतो.

पंचनामा म्हणजे काय पाहायचं? स्टोव्ह कुठे होता, टाकी फुटलेली आहे की शाबूत. भडका उडाला म्हणता आणि स्टोव्ह ओट्यावर जागच्या जागी उभा, हे कसं? भाजलेलं कुठून कुठे? उभं राहून स्वयंपाक करताना पदर पेटला तर आग पुढून वर चढते. डोक्यावर रॉकेल ओतलं असेल तर केस भिजलेले असतात, त्यांना वास येतो. साडीच्या निऱ्या जिथे खोचलेल्या असतात, तिथे कमरेशी कापड घट्ट दाबलेलं असतं, हवा पोचत नाही, म्हणून तो तुकडा पुष्कळदा जळायचा राहतो. तेवढ्याशा तुकड्यात रॉकेल टिकून राहतं. तो तुकडा साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर वाफ निघून जाते. तो हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बरणीत जायला हवा. ‘मी विझवायला धावलो’ म्हणणाऱ्याचे तळहातही पाहायचे. आणि हे सगळं फरशी धुण्याआधी. पंचनामा होण्यापूर्वी घर धुऊन काढणारे नातलग वाईट हेतूने करतात असं मी म्हणत नाही. दुःखात माणूस घर आवरायला घेतं. पण कुणीतरी शेजाऱ्याने हात धरून थांबवलं पाहिजे.

आता त्या नातलगांकडे येते. आठवतं ना, संशय आधी कुणाला आला होता? आपल्या कायद्याने ती जागा लिहून ठेवलेली आहे. १९८३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये बदल झाला. लग्नाला सात वर्षं पुरी व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली, किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर प्रेत शवविच्छेदनाला पाठवायचं. आणि मृत्यू सात वर्षांच्या आतला असेल व तिच्या नातलगाने मागणी केली, तरीही पाठवायचं. नातलगाने मागणी केली तरीही. माहेरच्या माणसाने लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम १९४ मध्ये आहे. सात वर्षं उलटली असली तरी मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाची तरतूद आहेच.

आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू, या दोन प्रकारांत पोलिसांशिवाय दंडाधिकाऱ्याचीही चौकशी होते. तिच्याबद्दल फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट आहे. ज्यांची नावं-पत्ते ठाऊक आहेत अशा नातलगांना दंडाधिकाऱ्याने शक्य तिथे कळवायचं असतं, आणि त्यांना चौकशीला हजर राहू द्यायचं असतं. आई-वडील, मुलं, भाऊ, बहीण, आणि नवरा किंवा बायकोसुद्धा. तेव्हा आपली नावं, पत्ते, फोन नंबर पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात लिहून द्या. बोलावणं आलं की जा. तिने पूर्वी फोनवर काय सांगितलं होतं, ‘जाळून टाकीन’ अशी धमकी कधी आणि कुणासमोर दिली होती, हे तारखेसकट सांगा. संदेश जपून ठेवलेले असतील तर फोनच घेऊन जा.

आणि ती धमकी आज, या क्षणी, कुणाच्या घरात दिली जात असेल, तर चौकशीची वाट कशाला पाहायची? ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आहे. शेजाऱ्याने केला तरी चालतो.

नमस्कार.