एका कुटुंबाचा महिना

पारोळा-अमळनेर रस्त्यावर कापसाच्या शेतांमधून एक मोटारसायकल चाललीय. मागे बसलेल्या नर्सताईंच्या पिशवीत ड्रेसिंगचं सामान, तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि मेट्रोनिडाझोलची पूड आहे. ही पूड फार कामाची. तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात जखम चिघळते, दुर्गंधी सुटते, आणि माणसाची खाट आधी ओसरीवर, मग गोठ्याकडे सरकते. जखमेवर पूड टाकत राहिलं की काही दिवसांत वास उतरतो. नातवंडं पुन्हा जवळ येऊन बसतात.

"आज कसं वाटस माय?"

"रातले झोप उनी."

आतून आवाज येतोय तेवढाच. कॅमेरा आपण उंबऱ्याबाहेर ठेवलाय.

देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शेवटच्या दिवसांतल्या सेवेचं ठिकाण, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. इथून मुंबई गाठायची म्हणजे जळगाव किंवा भुसावळहून रात्रीची रेल्वे, सोबत दोन माणसं, आणि त्यांची बुडालेली मजुरी. डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हटल्यावरही लोक शेत गहाण टाकून शेवटची एक चक्कर मारतातच. म्हणून अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या इथल्या छोट्या गटाने इमारतीचा नाद सोडला. सेवाच घरी जाते.

पण इमारत नसली की पैसा मागणं अवघड. खानदेशात देणाऱ्या हातांना तोटा नाही. मंदिराचा कळस, शाळेची खोली, भंडाऱ्याची बुंदी, नुसता शब्द टाकायचा अवकाश. कळसाखाली नाव कोरता येतं. नर्सच्या पगारावर आणि पेट्रोलवर कुठे कोरणार? एका डाळमिलच्या मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वर्षात बरे किती केले?" व्यापारी माणूस, हिशेब विचारणारच. खरं उत्तर होतं: एकही नाही.

तेव्हापासून गट संस्थेसाठी देणगी मागत नाही, एका कुटुंबाचा महिना मागतो. त्यात नर्सच्या फेऱ्या आल्या, औषधं आली, हवेची गादी आली, आणि दर दोन तासांनी कूस कशी बदलायची हे सुनेला, मुलाला शिकवणंही आलं. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी लागते, पण ती महाग नाही. अडतं ते मॉर्फिन ठेवायची मान्यता असलेल्या संस्थेपाशी आणि प्रशिक्षित डॉक्टरांपाशी. अफूपासूनच्या या औषधाभोवती १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं जंगल उभं केलं. २०१४च्या दुरुस्तीने ते बरंच विरळ केलं, तरी औषध लिहिताना अनेकांचा हात अजून थबकतो.

माणूस गेला म्हणून प्रायोजकाचा महिना संपत नाही. पोरांची फी असते, संजय गांधी निराधार योजनेचे कागद तहसीलला न्यायचे असतात. आम्हाला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटला.

मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्याने सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या दारीही गट जातो. मात्र फोटो मागतात: रुग्ण, खाट, हातात धनादेश. गट नाही म्हणतो. बरोबरच करतो, पण पैसे हातचे जातात.

केरळात, कोझिकोड-मलप्पुरमकडे, ही सेवा गावोगावच्या किरकोळ वर्गणीवर उभी राहिली. इथे त्यासाठी वेगळी वेळ सापडली: गंधमुक्ती, म्हणजे मृत्यूनंतरच्या दिवसकार्याचा विधी. त्या दिवशी घरचे लोक मृताच्या नावाने शाळेला, देवळाला काही ना काही देतातच. ज्यांच्या घरी नर्सताई येऊन गेल्या, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ते शेजारच्या गावातल्या कुटुंबाचा महिना उचलतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतानाही काही जण पावती फाडतात.

नंतर पेरणी. बी-बियाण्यात, खतात पैसा अडकतो, आणि कापूस घरात येऊन विकला जाईपर्यंत वर्गणीचं पुस्तक फारसं उघडत नाही. त्या महिन्यांतला नर्सताईंचा पगार यंदा कुठून द्यायचा, यावर गटाची बैठक अजून चालू आहे.