रविवारी चर्चला का जायचं?

"देव सगळीकडे आहे ना? मग घरीच प्रार्थना केली तर काय बिघडलं?" इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत तरुण मुलं हे आता मोकळेपणानं विचारतात. आईवडिलांनी रागावू नये. प्रश्न प्रामाणिक आहे.

या शहरात चर्चला जाणं जुनं आहे. सेंट ॲन्स चर्च १८५८ सालचं. इंदूरकरांचं व्हाइट चर्च. पुढे १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाचे) मिशनरी या शहरात आले, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. इथल्या चर्चांत उपासना बहुतेक हिंदीत चालते. मराठी घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनंही म्हटली जातात. ती घरची प्रार्थना हवीच. पण काही गोष्टी एकट्यानं होत नाहीत.

पापांगीकार घ्या. सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, आम्ही पाप केलं आहे. पाळकसाहेबही, म्हणजे चर्चचे धर्मगुरूही, त्यातच. मग शांतीचा सलाम, शेजाऱ्याचा हात हातात घेऊन. शेजारच्या बाकावर कदाचित तोच चुलतभाऊ असतो, ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही. येशूनं सांगितलंय, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर. घरी दार लावून प्रार्थना करताना हा चुलतभाऊ समोर येत नाही. इथे त्याचा हात हातात घ्यावा लागतो. मला वाटतं, चर्च टाळण्याचं एक खरं कारण इथेच असतं.

आणि प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मालक आणि त्याच्या फाटकावरचा चौकीदार शेजारी गुडघे टेकतात. दोघांना एकच भाकर.

कधी मन कोरडं पडतं, प्रार्थना सुचत नाही. तेव्हाही जावं. त्या दिवशी बाकीचे विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, एकत्र म्हणत असतात, त्यांच्या आवाजात आपण उभं राहायचं. पुढच्या रविवारी कुणाला आपल्या आवाजाची गरज असेल.

इसवी सन ३०४. रोमन बादशहानं ख्रिस्ती मेळाव्यांवर बंदी घातलेली. आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे ४९ जण एका घरात उपासनेला जमले आणि पकडले गेले. हुकूम का मोडला? उत्तर आलं, प्रभूच्या या मेळाव्याविना आम्हांला जगता येत नाही.

नुसत्या हजेरीनं मात्र भागत नाही. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव स्पष्ट सांगतो: तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. उत्तम वाद्यवृंद आहे, पण मंडळीतल्या विधवेची चौकशी कुणी करत नाही, अशी उपासना देवाला नको आहे.

दुसऱ्या शतकात, साधारण १५५ च्या सुमारास, जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं रोमहून बादशहाला रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून पाठवलं. शास्त्रपाठ, उपदेश, उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. हा दिवस का? कारण येशू याच दिवशी पुन्हा उठला. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी. जे येऊ शकले नाहीत, त्यांचा भाकर-द्राक्षारसाचा वाटा सेवक घरी पोचवत. आजही जिना उतरवत नाही अशा आजीकडे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात. सोबत कुणीतरी लागतं, गाणं म्हणायला. तरुणांनी जावं.